शिरोरेषा आणि पाते

दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असाव्यात आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, अशी दुरुस्ती महाराष्ट्राच्या कायद्यात २०२२ साली झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमलात आणण्यासाठी दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मराठीला पाटीवर हक्काची जागा मिळाली. त्या जागेत अक्षर नीट उभे राहते की नाही, हे मात्र फ्लेक्स छापणाऱ्या आणि 'रेडियम' कापणाऱ्या दुकानात ठरते. भाषेविषयीच्या आपल्या चर्चा त्या दुकानापर्यंत क्वचितच पोहोचतात.

'लहान नसावीत' हे मोजायचे कसे, इथूनच प्रश्न सुरू होतो. रोमन लिपीतली मोठी अक्षरे दोन रेघांमध्ये मावतात. देवनागरीला तीन मजले लागतात: वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षराचे अंग, खाली उकार. फूटभर उंचीच्या पट्टीत रोमन अक्षर जवळजवळ फूटभर होते. त्याच पट्टीत 'कुर्ला' लिहायचे तर वर रफाराला आणि खाली उकाराला जागा सोडावी लागते. अंगाला निम्म्याहून थोडी अधिक उंची उरते. दहा फुटांवरून वाचायला अक्षर किमान एक इंच उंच हवे, हा या धंद्यातला ठोकताळा रोमन अक्षरांवरून आलेला आहे. साठ फुटी रस्त्यापलीकडून मराठी नाव वाचता यायचे, तर शिरोरेषेपासून पायापर्यंत सहा इंच हवेत, म्हणजे मात्रा-उकारांसह दहा-अकरा. मोजपट्टी वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत लावली की नियम पाळला जातो, आणि मराठी नाव तरीही शेजारच्या इंग्रजी नावापेक्षा बारीक दिसते.

हाताने पाट्या रंगवणारा पेंटर हे गणित मांडत नसे, पण त्याच्या नजरेत ते होते. दोरीने रेघा मारून, खडूने अक्षरांच्या जागा ठरवताना 'र'भोवतीची मोकळी जागा तो शेजारचे अक्षर जवळ घेऊन भरी. नाव लांब असेल तर अक्षरे अरुंद काढी, पण ब्रशची जाडी तीच ठेवी. संगणकावर नाव बसेना की ते आडवे दाबले जाते. मग काना आणि दंड बारीक होतात, शिरोरेषा मात्र होती तेवढीच जाड राहते. अक्षर आजारी दिसू लागते. का, ते ग्राहकाला सांगता येत नाही.

शिरोरेषेची खरी परीक्षा कापकामात होते. गाड्यांवरच्या चिकट अक्षरांना आपण 'रेडियम' म्हणतो. त्यात रेडियम नसते. असते ते मागे गोंद लावलेले पीव्हीसीचे पातळ पापुद्रे, म्हणजे व्हिनाइल. ते कापणारे यंत्र अक्षराचा रंग पाहत नाही, फक्त कडा पाहते. फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापला शिरोरेषेचा तुकडा घेऊन येते आणि हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. पडद्यावर रेघ अखंड दिसते, पण पाते प्रत्येक सांध्यावर चीर देते. पुढे उन्हाने व्हिनाइल आकसते, चिरा उघडतात, त्यांत धूळ बसते आणि पावसात कोपरे उचलले जातात. उपाय एका आज्ञेचा आहे: कापण्याआधी सगळ्या कडा जोडून शब्दाची एकच आकृती करायची. दुकानात याला 'वेल्ड करणे' म्हणतात. कापून झाल्यावर नको असलेला भाग सुईने उचलतात, तेव्हा अनुस्वाराचा सुटा ठिपकाही त्यासोबत निघून जातो आणि 'शांता' 'शाता' होते.

व्हिनाइलच्याही दोन जाती आहेत. एक गरम रुळांतून दाबून केलेले. ते स्वस्त असते, पण त्यातला ताण शिल्लक राहून ते पुढे आकसते. दुसरे द्रवरूपात ओतून केलेले; ते पातळ आणि शांत असते, म्हणून गाडीच्या वळणांवर तेच बसते. तिथेही शिरोरेषा चुगली करते. चाकावरच्या फुगीर भागात पापुद्रा जरा ताणला गेला की सरळ रेघ वाकलेली दिसते. दरवाजाच्या फटीवर रोमन शब्द आला तर दोन अक्षरांमधली मोकळी जागा फटीवर आणता येते. मराठी शब्दाची रेघ मात्र तुटतेच. म्हणून फट दोन शब्दांच्या मध्ये येईल अशी मांडणी आधीच करावी लागते.

फ्लेक्सवर हा धोका नाही; तो पॉलिएस्टरच्या जाळीवर पीव्हीसी चढवून केलेला असतो आणि त्यावर शाईचे ठिपके पडतात. दहा मीटरवरून डोळ्याला सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही, त्यामुळे उंचावरच्या फलकावर छायाचित्र भरड असले तरी चालते. अक्षरांना ही सवलत देऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले नावाचे चित्र दहापट मोठे केले की कडांना पायऱ्या पडतात. नाव नव्याने टाइप करणे हाच मार्ग. पण तिथेही जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना 'पुऱ्या'चे 'पुर्या' होऊ शकते, आणि हिंदीसाठी केलेल्या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. मराठी वळणाची सोय असलेले फाँट आज मोफतही मिळतात. ते निवडायचे की नाही, हे संगणकापुढे बसलेल्या कारागिराला असलेल्या लिपीच्या जाणिवेवर अवलंबून असते.

ही जाण कायद्याच्या कलमात लिहिता येत नाही, पण मागता येते. पाटी करायला देणाऱ्याने नमुना पाहताना चार गोष्टी विचाराव्यात: अंगाची उंची किती, अक्षरे दाबली आहेत का, कडा जोडल्या का, अनुस्वार जागेवर आहेत का. यातल्या एकाही गोष्टीला जास्तीचे पैसे पडत नाहीत. पेंटरकडे हे न विचारता मिळत असे. आता ते विचारावे लागेल.