भोकाभोकांची जमीन

समजा एखाद्या सुताराने तुमच्यासाठी होडी बनवली आणि पाय ठेवायची जागा नुसती भोकंच भोकं असलेली ठेवली, तर तुम्ही त्या होडीत बसाल का? "काका, बुडवायचंय का आम्हांला?" असंच म्हणाल. पण शिडाच्या होडीत, खलाशी जिथे उभा राहून सुकाणू धरतो, तिथे पुष्कळदा अशीच जमीन असते. दोन-दोन सेंटीमीटरच्या चौकोनी भोकांची लाकडी जाळी! आणि ती खलाशाच्या सोयीसाठीच असते.

आता बीड जिल्ह्यातल्या मुलांना वाटेल, समुद्र आपल्यापासून रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरहून लांब, आपल्याला या जाळीचं काय? जरा थांबा. ही जाळी ज्या युक्तीने बनते ती तुमच्या गावातल्या सुतारकाकांना दाखवा, त्यांना ती लगेच कळेल. आणि शेवटी ती तुमच्या घरात, माठाखाली येऊन बसणार आहे.

आधी होडीकडे जाऊ. शिडाच्या होडीत मागच्या बाजूला एक खोलगट जागा असते. तिला म्हणतात कॉकपिट. हो, विमानात वैमानिक बसतो त्या जागेचं नाव तेच. पण हा शब्द आधी जहाजांवर होता, विमानांनी तो पुढे उसना घेतला. या खोलगट जागेत लाटांचं पाणी उडतं, पाऊस पडतो. मोठ्या होडीत कॉकपिटचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच ठेवतात आणि त्याला आपल्या मोरीसारखी भोकं ठेवतात. आत आलेलं पाणी तिथून आपोआप बाहेर जातं. पण जायला थोडा वेळ लागतो. तोवर खलाशी पाण्यातच उभा! होडी एका अंगाला कललेली, तळ ओला आणि गुळगुळीत. पाय घसरला तर माणूस सरळ समुद्रात जाऊ शकतो, आणि तो एकटाच असला तर होडी मागे वळवून त्याला घ्यायला कुणीही नसतं.

म्हणून तळावर, थोडी उंच, लाकडी जाळी टाकतात. म्हणजे भोकं होडीला नसतात, ती या वरच्या जाळीला असतात. पाणी जाळीतून खाली उतरतं आणि तळावरून वाहून जातं. पाय बऱ्यापैकी कोरडे राहतात. शिवाय शेकडो लहान लहान कडा तळव्याला पकड देतात. भोकं फार मोठी केली तर बोटं अडकतील, फार लहान केली तर कचऱ्याने तुंबतील. म्हणून दोन सेंटीमीटरच्या आसपास.

ही कल्पना जुनी आहे. पूर्वीच्या लढाऊ जहाजांच्या डेकवर मोठमोठ्या चौकोनी वाटा असत, त्यांवर अशाच जाळ्या बसवत. त्यांतून खालच्या मजल्यावर उजेड आणि हवा जाई, तोफांचा धूर वर येई, आणि वर चालणारा माणूस खाली पडत नसे. अशा जहाजांपैकी एक आपल्या मुंबईतच बनलं होतं. 1817 साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज पाण्यात उतरलं. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल या गावी तरंगतं आहे. सागाची करामत!

मुंबईच्या सुतारांची आणखी एक होडी जगात गाजली. तिचं नाव 'सुहैली', लांबी सुमारे 32 फूट. सागवानाची ही होडी वाकस, पटाशी असल्या हत्यारांनी घडवली आणि 1964 साली ती पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी 1968 मध्ये तिच्यातून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून 1969 च्या एप्रिलमध्ये परतला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. पुढे 2017 साली सुहैलीच्याच नमुन्यावर 'थुरिया' नावाची लाकडी होडी गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली. त्याच कारखान्यातल्या 'म्हादेई' या होडीतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने जगाला फेरी मारली होती.

साग का, हे सांगायला हवं. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो ओल्यात लवकर कुजत नाही आणि वाळवीलाही दाद देत नाही. मराठवाड्यात किनवटच्या जंगलात साग आहे. आपल्याकडे बैलगाडीला बाभूळ आणि दारा-खिडक्यांना साग, असं सुतार का म्हणतात त्याचं हेच कारण. बाभूळ कणखर, पण तासायला चिवट. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण पाण्यात लवकर खराब होतं.

आता खरी गंमत. जाळी बनवायची कशी?

दोन सेंटीमीटर रुंद आणि दोन सेंटीमीटर जाड अशा पट्ट्या घ्यायच्या. प्रत्येक पट्टीत ठरावीक अंतरावर, निम्म्या जाडीपर्यंत म्हणजे एक सेंटीमीटर खोल, खाचा पाडायच्या. निम्म्या पट्ट्या खाचा वर करून उभ्या मांडायच्या, निम्म्या खाचा खाली करून आडव्या बसवायच्या. खाच खाचेत जाते आणि दोन्ही पट्ट्या एका पातळीत येतात. खिळा नाही, स्क्रू नाही, तरी जाळी पक्की.

ऐकायला सोपं वाटतं ना? वहीवर हिशेब करा. कॉकपिटसाठी 62 सेंटीमीटर लांबीची पट्टी घेतली, तर दोन सेंटीमीटर लाकूड, दोन सेंटीमीटर खाच, असं करत 15 खाचा बसतात आणि दोन्ही टोकांना लाकूड राहतं. म्हणजे 15 उभ्या आणि 15 आडव्या पट्ट्या, एकूण 450 खाचा! प्रत्येक पट्टी वेगवेगळी मोजून कापली आणि दर खाचेला अर्धा मिलिमीटर चूक एकाच बाजूला होत गेली, तर पंधराव्या खाचेपर्यंत साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो. शेजारच्या पट्टीत चूक उलट बाजूला गेली असेल तर विचारूच नका. आडवी पट्टी आत शिरणारच नाही.

म्हणून कसबी सुतार पट्ट्या आधी कापतच नाही. तो रुंद फळी घेतो, तिच्यावर आरपार आडव्या खाचा पाडतो आणि मग ती फळी उभी चिरून पट्ट्या काढतो. प्रत्येक पट्टीवर खाचा अगदी त्याच जागी! मोजताना थोडी चूक झाली असेल तर ती सगळ्या पट्ट्यांत सारखीच होते, त्यामुळे आडव्या पट्ट्या तरीही सरळ बसतात. सांभाळायची ती फक्त खाचेची रुंदी. पट्टी खाचेपेक्षा केसभर जाड ठेवतात आणि रंध्याने थोडी थोडी उतरवून बसवतात. मला तर या जाळीत सगळ्यांत आवडतं ते हेच, आधी खाचा आणि मग पट्ट्या.

तुमच्यासाठी लहान जाळी सांगतो. सुतारकाकांकडे दारं-खिडक्यांचे उरलेले सागाचे तुकडे असतात. त्यांच्याकडून 30 सेंटीमीटरच्या 14 पट्ट्या कापून घ्या. यंत्राच्या करवतीला मुलांनी हात लावायचा नाही, ते काम त्यांचंच. सात पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून शिकंज्याने घट्ट आवळा, म्हणजे त्यांची एक फळीच झाली. गुण्या लावून आरपार रेघा मारा. प्रत्येक पट्टीला सात खाचा. हातकरवत रेघेच्या आतल्या अंगाने चालवा आणि निम्म्या जाडीला थांबा. मधलं लाकूड पटाशीने काढताना घरातलं मोठं माणूस जवळ हवं, आणि दुसरा हात नेहमी पटाशीच्या धारेच्या मागे. उरलेल्या सात पट्ट्याही पहिल्यांच्याच खुणांवरून आखा. गोंद न लावता एकदा सगळं जुळवून पाहा, मग पाण्यात न सुटणारा गोंद लावून लाकडी मोगरीने हलकेच ठोका. सागाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही, म्हणून आधी खाचा थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. तेवढं मोठ्यांनाच करू द्या. मोजून पाहा, छत्तीस भोकं झाली पाहिजेत.

एक गोष्ट मात्र विसरायची नाही. ही जाळी तशीच फरशीवर ठेवली तर प्रत्येक भोक म्हणजे एक बंद डबी होते आणि पाणी आतच अडकतं! म्हणून चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे लाकडी ठोकळे पायासारखे लावायचे. होडीतही असेच पाय असतात, आणि ते पाण्याची वाट अडणार नाही असे लावतात. शिवाय होडीत जाळी आडण्यांनी अडकवून ठेवतात. कारण साग पाण्यापेक्षा हलका, कॉकपिट भरलं की जाळी तरंगायला लागेल!

आता ही जाळी घडवंचीवर, माठाखाली ठेवा. होडीवाल्याला पाणी बाहेर घालवायचं असतं. आपल्या बीडला तसं परवडत नाही. इथे पावसाची शाश्वती नाही, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं कित्येक गावांना माहीत आहे. म्हणून जाळीचे पाय थोडे उंच करा आणि खाली एक ताट सरकवा. माठातून पाझरलेलं आणि तांब्या बुडवताना सांडलेलं पाणी त्यात जमेल, ते तुळशीला घाला. आठवड्यातून एकदा जाळी उलटी करून उन्हात वाळवा. आणि माठ ठेवण्याआधी जाळीवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघा, कुठे करकरते का. करकरली तर त्या सांध्यात गोंद कमी पडलाय.