थकव्याचं कारण रात्रीत होतं

पहाटे ५

उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, उपाशीपोटी. चहा अर्ध्या तासाने. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग मानेला रेडिएशनचे शेक दिले. मानेच्या शेकाने पुढे बऱ्याच जणांची थायरॉइड मंदावते, माझीही मंदावली. अंग जड पडणं, सुस्ती येणं यामागचं पहिलं कारण रक्ततपासणीत हे निघालं. गोळीने फरक पडला, पण थकवा पुरता गेला नाही. दुसरं कारण सापडायला बराच काळ लागला. रात्री नाकावर लावायचा मास्क साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळत घालतो आणि भट्टीकडे निघतो.

सकाळी ६.३०

दूध येतं. भूम तालुक्यात, कुंथलगिरीच्या आसपास, खव्यावर कितीतरी घरं चालतात. गवळीमामा कॅन उतरवतात, मी झाकण काढून वास घेतो, माप घेतो. म्हशीचं चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा पडतो. उपचार संपल्यावर कामावर परतलो तेव्हा ही वेळ फार जड जायची. आठ तास अंथरुणात काढूनही रात्रभर पोती वाहिल्यासारखं अंग आंबलेलं असायचं. डोकं ठणकायचं, तोंडाला कोरड पडलेली असायची. भेटेल तो म्हणायचा, "एवढ्या मोठ्या दुखण्यातनं उठलाव, थकवा राहणारच." मलाही ते पटायचं.

सकाळी ८

कढई तापली की उलथणं थांबवायचं नाही. तळाला फिरवायचं, कडेला चिकटलेली साय खरवडून आत ओढायची, परत तळाला. दूध दाटलं की मोठे बुडबुडे फुटतात आणि चटका देणारे थेंब मनगटावर उडतात. शेवटी गोळा कढई सोडू लागतो. त्या घडीला जाळ ओढला नाही तर खवा करपतो. नेमका याच घडीला उभ्या उभ्या माझा डोळा लागायचा. एकदा धाकट्या भावाने दंड धरून मागे ओढलं. "दादा, तुम्ही सावलीत बसा, मी बघतो."

आज कळतं, दमणं वेगळं आणि झोप अनावर होणं वेगळं. कॅन्सरनंतरच्या थकव्यात हातपाय गळतात, काम नकोसं होतं. पडून राहिलं तरी झोप लागेलच असं नाही. माझी गत निराळी होती. बसलो की झोपलो.

दुपारी १२.३०

शेकानंतर लाळ कमी झाली, म्हणून भाकरी आमटीत चांगली कुस्करून खातो. कारणाचा धागा घरातच मिळाला होता, असंच एकदा जेवताना. बायको म्हणाली, "अवं, झोपंत तुमचा दम थांबायलाय. घोरताव, मधीच गप होताव, मग दचकून श्वास घेताव." रात्री तिने मोबाइलवर तेच टिपलं. तो व्हिडिओ सोलापूरला छातीच्या डॉक्टरांनी पाहिला आणि झोपेची तपासणी सांगितली.

या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, दहा सेकंद किंवा जास्त काळ हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, वाट उघडते, आणि पुन्हा तेच. हे जागं होणं सकाळी आठवतही नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये ऑपरेशनचे व्रण, शेकाची सूज आणि घट्ट झालेल्या पेशी यांनी वाट आणखी अरुंद होऊ शकते. म्हणून माणूस किडकिडीत असला तरी हा आजार नसेल असं धरू नये.

दुपारी २

पूर्वी या वेळी मी हमखास पेंगायचो. डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न साधे होते: वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी लागते का? अशा आठ प्रसंगांना शून्य ते तीन गुण द्यायचे. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली मांडलेली ही एपवर्थ पट्टी आहे. मग एका रात्रीसाठी बोटाला चिमटा, छातीला पट्टा आणि नाकाखाली बारीक नळी लावून श्वास मोजला. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे म्हणजे ठीक, तीसच्या वर म्हणजे आजार तीव्र. माझा आकडा तिसाच्या वर गेला.

उपाय म्हणजे सीपॅप. मास्कमधून हवेचा दाब घशाची वाट उघडी ठेवतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय १९८१ मध्ये जगापुढे आणला. शस्त्रक्रियेने गाल बदललेला, त्यामुळे मास्क नीट बसायला वेळ गेला. कोरड्या तोंडासाठी हवा ओलसर करणारं भांडं जोडलं. त्यात बोअरचं पाणी घातलं तर क्षार धरतात, म्हणून डिस्टिल्ड पाणीच घालतो.

दुपारी ४

खव्याचे डबे घेऊन सरमकुंडी फाट्यावर, हायवेच्या पेढेवाल्यांकडे. आता गाडी मी चालवतो. उपचार लागू पडेपर्यंत डॉक्टरांनी गाडीला हात लावू दिला नव्हता, आणि ते योग्यच होतं. चाकावर लागलेली डुलकी आपल्यासोबत दुसऱ्याचाही जीव घेते. परतताना इन्व्हर्टरची बॅटरी बघून घेतो. रात्री लाइट गेली की मशीन बंद, म्हणून ती भरलेली लागते.

थकवा सगळा गेला असं नाही. रोज संध्याकाळी चालतो, त्याने उरलेला हलका होतो. पण कढईपुढे आता डोळा लागत नाही.

रात्री ८

वाशीची मावसबहीण आली. तिच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपले आहेत. "रात्री झोप लागंना, सकाळी डोकं दुखतंय, दिवसभर ग्लानी," ती म्हणाली. बायकांमध्ये हा आजार पुष्कळदा असाच दिसतो. घोरण्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि उपचारांनी पाळी थांबली, वजन वाढलं की धोका वाढतो.

आमच्या भागाला कॅन्सरची तपासणी नवी नाही. भूम-परांड्याच्या गावांतल्या कॅन्सरची नोंद बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून ठेवते. १९९९ पासून आमच्याच जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायका गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या अभ्यासात होत्या. एका एचपीव्ही चाचणीने त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. माणसं वाचतात, हे इथे सिद्ध झालं. वाचलेल्यांची वर्षं धडपणे जावीत, हे त्याच्या पुढचं काम.

म्हणून तिला सांगितलं: पुढच्या फॉलोअपला "थकवा आहे" एवढ्यावर थांबू नकोस. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघा म्हण. वेदनेच्या, झोपेच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते दाखव. मन खचलं असेल तर तेही बोल. आणि झोपेत श्वास थांबतो का, हे स्वतःहून विचार. रात्री तुझ्या शेजारी जे माणूस झोपतं, त्याला सोबत घेऊन जा.