साट्याचे सॉसेज-पॅटिस

कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूस निघालेली आगगाडी शहाड व आंबिवली मागे टाकून टिटवाळ्यास पोहोचते. येथे उतरणारे बहुतेक लोक महागणपतीच्या दर्शनास आलेले असतात, आणि अंगारकीच्या दिवशी तर फलाटावर पाय ठेवावयास जागा मिळत नाही. अशा गावी राहून आम्ही सॉसेजच्या पॅटिसांवर लेख लिहावा हे काही वाचकांस विलक्षण वाटेल. परंतु ह्या पदार्थाची जी खरी अडचण, ती टिटवाळ्याच्याच एका स्वयंपाकघरात आमच्यापुरती सुटली. म्हणून ती हकीकत येथे देण्याचे योजिले आहे.

आमच्या वर्गातील एका गोमंतकीय सोबत्याने सुट्टीवरून येताना सॉसेजची एक माळ आणली होती. पाचसहा मित्रांस फराळास बोलवावे व त्या सॉसेजचे पॅटिस करावे असा बेत ठरला. आम्ही विलायती पाककृती वाचून कामास लागलो. त्या पद्धतीत मैद्याच्या पोळीवर थंड लोण्याचा थर देऊन तिची तिहेरी घडी घालतात, ती लाटतात, पुन्हा घडी घालतात. अशा सहा घड्या झाल्या म्हणजे एका थराचे तीन, तिहींचे नऊ, ह्या हिशेबाने लोण्याचे ७२९ थर होतात! भट्टीत गेल्यावर पिठातील पाण्याची वाफ होऊन ती प्रत्येक थरास वर उचलते, आणि मधले लोणी एका थरास दुसऱ्याशी चिकटू देत नाही. पॅटिसाचा खुसखुशीतपणा तो एवढाच.

आता लोणी वितळते सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला, आणि आमचा उद्योग चालला होता मे महिन्यातील दुपारी. दुसऱ्याच घडीस लोणी पोळीतून पाझरू लागले. तिसऱ्या घडीस लाटणे, पोळपाट व आमचे हात सारखेच तुपकट झाले. तरीही नेट धरून आम्ही ते भाजले. जे बाहेर आले त्यास पॅटिस म्हणण्यापेक्षा तेलकट भाकरी म्हणणे अधिक योग्य होय.

हा सर्व प्रकार आमची आजी दारातून पाहत होती. ती म्हणाली, "अरे, साट्याच्या करंजीला हेच करतात. लोणी कशाला? साटा लावा."

ज्यांच्या घरी चिरोटे होतात त्यांस साटा ठाऊकच आहे. घट्ट तूप हाताने चढवून पांढरे व हलके करावयाचे आणि त्यात तांदळाची बारीक पिठी फेसावयाची. तूपही उन्हाळ्यात पातळ होते हे खरे. परंतु पिठीचे कण त्यास धरून ठेवतात, म्हणून ते वाहून जात नाही. शिवाय गव्हाच्या पिठात जो चिवट पदार्थ असतो तो तांदळात नसल्यामुळे साट्याचा थर पोळ्यांस एकजीव होऊ देत नाही. विलायती आचारी जे काम थंडीकडून करवून घेतो, ते आपल्याकडील बायका पिठीकडून करवून घेत आल्या आहेत. हे आम्हांस रसायनशास्त्राच्या तासाला सुचले नाही, ते आजीच्या एका वाक्याने सुचले.

दोन वाट्या मैद्यास दोन चमचे कडकडीत मोहन व चिमूटभर मीठ घालून थंड पाण्याने घट्ट भिजवावे आणि अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवावे. साट्यास तीन मोठे चमचे तूप व जवळजवळ तितकीच पिठी पुरते. पिठाच्या सहा पातळ पोळ्या लाटाव्या. एकीवर साटा सारवून दुसरी ठेवावी, तिजवर पुन्हा साटा, मग तिसरी. वरही साटा लावून घट्ट वळकटी करावी. अशा दोन वळकट्या होतील. त्यांचे बोटभर रुंदीचे तुकडे कापावे. तुकडा आडवा न ठेवता कापलेली बाजू वर करून दाबावा व हलक्या हाताने पुरी लाटावी. जोर केला की थर मिटले म्हणून समजावे. दीड डझन पुऱ्या सहज होतात.

सारणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. गोमंतकात ज्यास चोरिस म्हणतात ते सॉसेज डुकराच्या मांसाचे असते. मांसाचे तुकडे मीठ लावून दाबून ठेवतात. मग लाल मिरची, लसूण, आले, जिरे, मिरी, दालचिनी व लवंग हा मसाला माडाच्या सुरेच्या शिरक्यात वाटून त्यात मुरवितात, आतड्यात भरतात, दोऱ्याने मणी बांधतात, आणि उन्हात व धुरावर सुकवितात. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा घेतले. मिरची व बटाटा ह्या दोन्ही अमेरिकेतील वस्तू त्यांच्याच जहाजांतून ह्या किनाऱ्यावर उतरल्या. तेव्हा आमच्या पॅटिसातील सारण समुद्रावरून आले व पारी माजघरातून, असे म्हटल्यास चालेल.

हे सॉसेज सुकविलेले असले तरी शिजलेले नसते, ही गोष्ट विसरता कामा नये. कच्च्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी व इतर जंत पोटात जाण्याचे भय असते. मिरचीच्या लाल रंगामुळे मांस शिजले की नाही हे डोळ्यांस कळत नाही. म्हणून वरचे आवरण काढून, मांस मोकळे करून, थोडे पाणी घालून झाकण ठेवावे व मंद आचेवर पुरते शिजवावे. उष्णतामापक असेल तर आतील उष्णता ७१ अंशांवर गेली पाहिजे. सुमारे २०० ग्रॅम सॉसेजला दोन कांदे व एक उकडलेला बटाटा घ्यावा. बटाटा सुटलेली चरबी शोषून घेतो. मीठ घालू नये, सॉसेजमध्ये ते भरपूर असते. सारण पूर्ण गार झाल्यावाचून भरू नये. आम्ही घाई करून पहिली दोन ऊन सारणाने भरली, तर आतील साटा वितळून पारी फाटली.

कडेस दुधाचे बोट लावून पॅटिस घट्ट मिटावे. तेल मध्यम तापलेले असावे. पिठाचा कण टाकला असता तो सावकाश वर आला पाहिजे. तेल फार तापले तर वाफेस थर उचलण्यास अवसर मिळण्यापूर्वीच वरचा भाग लाल होतो. तळण नको असल्यास वरून अंडे लावून २०० अंशांच्या भट्टीत वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. मात्र थर तळणीइतके उमलत नाहीत.

आजीची एक अट होती. सॉसेज तिच्या चुलीवर चढणार नाही. ते मागील पडवीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या कढईत होईल आणि ती कढई पुन्हा घरात येणार नाही. आम्हांस प्रथम ही अट जाचक वाटली. परंतु पाहुण्यांतही दोघे डुकराचे मांस न खाणारे होते आणि एक मांसच न खाणारा. त्यांच्यासाठी मटार-बटाट्याचे निराळे सारण करून ती पॅटिसे आजीने घरातच, स्वच्छ तेलात तळली. घोटाळा होऊ नये म्हणून तिने आपल्या पॅटिसांस करंजीची मुरड घातली व आमच्यांची कड कातण्याने कापविली. ताटे दोन, पंगत एक.

आमचे पॅटिस तिने अर्थात चाखले नाही. एक उचलून कानाजवळ धरावयास मात्र सांगितले. आम्ही ते मोडले, आवाज ऐकून ती म्हणाली, "आणखी एक पोळी लावली असती तर चालली असती."

पुढच्या खेपेस आम्ही चार-चार पोळ्यांची वळकटी केली.