गेलेल्या माणसांची नोंद

वसंत व्याख्यानमालेत हा विषय घेणे काहींस अप्रस्तुत वाटेल. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास ही प्रथा घातली ती लोकांनी नवे विचार ऐकावेत म्हणून. मेलेल्यांची आठवण काढण्यास दहावे-तेरावे आहेच, असे कोणी म्हणेल. परंतु आम्ही येथे मृत्यूविषयी नव्हे, तर गेलेल्या माणसांच्या आयुष्याविषयी बोलणार आहोत. गारगोटीत व भोवतालच्या खेड्यांत गेल्या काही वर्षांत जी कष्टकरी माणसे गेली, त्यांची आठवण आपण कशी ठेवतो, कशी ठेवावी, आणि ती न ठेवल्याने काय बुडते, एवढाच आमचा विषय आहे.

आज आपण काय करतो?

आपल्याकडील निधनवार्तेचा साचा ठरलेला आहे. नाव, गाव, वय. 'अल्पशा आजाराने' किंवा 'वृद्धापकाळाने'. पश्चात पत्नी, मुलगे, सुना, नातवंडे. आणि शेवटी रक्षाविसर्जन कोणत्या दिवशी, किती वाजता. ही बातमी निरुपयोगी नव्हे. तिच्यामुळे सोयऱ्यांना निरोप पोचतो. पण गेलेला माणूस जन्मभर काय करीत होता, हे तीवरून बहुधा कळत नाही. वेदगंगेच्या काठी रक्षाविसर्जनास मंडळी जमतात, कोणी प्रतिष्ठित गृहस्थ उभे राहतात आणि 'कष्टाळू, मनमिळाऊ, प्रेमळ' अशी तीन विशेषणे अर्पण करतात. तीच विशेषणे मागल्या आठवड्यात दुसऱ्या कोणास अर्पण झालेली असतात. संघटनांचे शोकठराव आम्ही तीस वर्षे ऐकत आलो. त्यांत नाव बदलले की दुसरा ठराव तयार होतो.

सरकारी दप्तराचेही तसेच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. त्या अर्जात मृताचा व्यवसाय विचारलेला असतो. परंतु तो रकाना आकडेवारीच्या भागात आहे. वारसांच्या हाती जो दाखला येतो त्यावर नाव असते, आईबापांची नावे असतात, तारीख व ठिकाण असते, धंदा नसतो. म्हणजे चाळीस वर्षे करणी-ओळंबा हाती धरलेला गवंडी कागदावर केवळ मरण पावलेला एक पुरुष उरतो.

वीरगळ आणि हेळवी

आपल्या पूर्वजांनी स्मरणाची साधने केली नव्हती असे नाही. कोल्हापूरजवळच्या बीड गावी गेलात तर वीरगळांच्या रांगा दिसतील. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या चौकटीत वीर लढताना किंवा पडलेला दिसतो, त्यावर अप्सरा त्याला नेताना, आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ते आहेत तोवर ही कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नाही. चंद्र-सूर्य आहेत, दगड आहे, नाव मात्र गेले. माणूस कसा मेला हे आपण पाहतो. तो कोण होता हे सांगता येत नाही.

हेळव्याचे काम याच्या उलट. बैल घेऊन तो दारात येतो, चोपडी उघडतो आणि घराण्याची नावे पिढ्यान् पिढ्या मागे वाचत जातो. नवी नावे नोंदवून, धान्य-पैसा घेऊन पुढच्या गावी जातो. शाळा नव्हत्या तेव्हाही त्याने सामान्य कुणब्याचे नाव जपले, हा त्याचा मोठा उपकार आहे. परंतु ती नावांची साखळी आहे आणि बहुधा पुरुषांच्याच नावांची. मुलगी तीत क्वचित सापडते, काम तर मुळीच सापडत नाही. वीरगळात मरण आहे, चोपडीत वंश आहे. दोहोंत जगणे नाही. आजची निधनवार्ता या दोन जुन्या साधनांचीच बेरीज आहे.

या गावाने अलीकडच्या काळातही स्मरण राखले आहे. १३ डिसेंबर १९४२ रोजी गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी चाल केली, तेव्हा करवीरय्या स्वामी, नारायण वारके आदी सात जण हुतात्मा झाले. त्यांची नावे आपण विसरलो नाही, हे गावास भूषणावह आहे. डॉ. जे. पी. नाईक १९८१ साली गेले. पण मौनी विद्यापीठ आहे, आणि ज्या शिक्षण आयोगाचे (१९६४–६६) ते सदस्य-सचिव होते त्याचा अहवालही आहे. अशा थोरांच्या स्मरणास अडचण पडत नाही. प्रश्न आहे तो विद्यालयांच्या इमारतींना दगड घडविणाऱ्यांचा, बाजारात पोती वाहणाऱ्यांचा, रोप लावणीच्या चिखलात उभे आयुष्य काढणाऱ्या बायांचा.

नोंद नसली म्हणजे काय बुडते?

कोणी म्हणेल, हमालाचे चरित्र लिहून उपयोग काय? उपयोगाचे एक उदाहरण देतो. आपल्या जिल्ह्यातून अनेक माणसे मुंबईच्या कापड गिरण्यांत गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे गावी परतली, आणि त्यांतील पुष्कळशी आता हयात नाहीत. गिरण्यांच्या जमिनींच्या काही भागावर कामगारांसाठी घरे बांधावयाचे ठरले. म्हाडाची पहिली सोडत २०१२ साली झाली. पात्र कोण? जो १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत होता तो. आणि तो नसल्यास त्याचे वारस. आता वारसाने सिद्ध काय करावयाचे? गिरणी कोणती, खाते कोणते, तिकीट नंबर काय. हजेरीपत्रक, विम्याचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, गेटपास यांतले काहीतरी हवे. पुष्कळ घरांतून मुलास एवढेच ठाऊक असते की, 'आबा मुंबईत गिरणीत होते.' साचेखात्यात होते की त्रासनखात्यात, कायम होते की बदली, हे विचारले गेलेच नाही. ट्रंकेतील पिवळे कागद आबांच्या कपड्यांबरोबर गेले. आठवण ही भावनेची बाब आहे असे म्हणणाऱ्यांनी त्या वारसांस भेटावे.

बांधकाम मजुराचेही तेच आहे. कल्याणकारी मंडळात नाव घालावयाचे तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो काम कोणाकडे आणि कोठे केले, हे मजुराच्या घरात कोणासच ठाऊक नसले, तर त्याच्यामागे बायकोने कोणत्या दारी जावे?

दुसरे कारण आणखी जवळचे आहे. मार्च २०२० नंतर करोनाच्या साथीत अंत्ययात्रेस वीसच माणसांची मर्यादा आली. २०२१ च्या उन्हाळ्यात तर घरच्यांनाही कित्येकदा जवळ जाता आले नाही. रक्षाविसर्जनास चार माणसे, दहाव्यास तेवढीही नाहीत. एरवी दहा-बारा दिवस माणसे ओट्यावर येऊन बसतात, गेलेल्याच्या गोष्टी निघतात, आणि नकळत त्याचे चरित्रच सांगितले जाते. त्या दोन वर्षांत गेलेल्यांविषयी हे बोलणे झालेच नाही. ते देणे आपल्यावर राहिले आहे, आणि सांगू शकणारे सोबती आता म्हातारे होत आहेत.

हे काम अशक्य नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून हजारो माणसे मेली. तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मृतांची प्रत्येकी दोनेकशे शब्दांची टिपणे कित्येक महिने छापली. त्यांत बड्या पेढ्यांचे अधिकारी होते, तसे उपाहारगृहातील आचारीही होते. जागा बहुधा सर्वांना सारखीच. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या मुलाखती मीना मेनन व नीरा आडारकर यांनी घेऊन २००४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. दोन्ही ठिकाणी कोणी तरी वही घेऊन विचारावयास गेले, म्हणून ते झाले.

नोंद कशी करावी?

आमच्या मते ती वर्षाच्या आत करावी. प्रथम मुलाकडे जाऊ नये. शेजारी उभे राहून ज्याने काम केले त्याच्याकडे जावे. मुलास बाप घरी आल्यावरचा ठाऊक असतो, सोबत्यास दिवसाचे आठ-दहा तास ठाऊक असतात. 'स्वभाव कसा होता?' असे विचारले की विशेषणे मिळतात. म्हणून ते विचारू नये. पहिला पगार किती, काम कोणी शिकविले, कोणता रस्ता, कोणता बंधारा, कोणती शाळा यांच्या हातची आहे, कोणत्या गोष्टीचा राग येई, हे विचारावे. बाईच्या नावापुढे 'गृहिणी' लिहून थांबू नये. तिने लावण केली असेल, ऊस तोडला असेल, अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरे सांभाळली असतील, ते लिहावे.

माणूस दारू पीत होता, भांडखोर होता, हे लिहावे काय? घरातले घरात राहू द्यावे. परंतु कोणास संत करू नये. मुकादमाशी भांडून ज्याने सर्वांची मजुरी वाढवून घेतली त्याला 'मनमिळाऊ' म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच होय. लिहून झाले की घरच्यांना वाचून दाखवावे, त्यांची संमती घ्यावी. एक प्रत त्यांना द्यावी, एक वाचनालयात ठेवावी, आणि हजेरी कार्डे, विम्याचे कागद, नोंदणीचे पुस्तक यांच्या नकला तिला जोडाव्यात.

यास खर्च एका जाड वहीचा आहे. गारगोटीत महाविद्यालय आहे, लिहिता येणारी मुले आहेत, आणि सांगणारे सोबती अजून आहेत. आमची सूचना अशी की, प्रत्येक गल्लीने यंदा एक नाव घ्यावे, आणि पुढील वसंतात या व्याख्यानमालेची एक संध्याकाळ त्या नोंदी मोठ्याने वाचण्यास द्यावी. वक्ता बाहेरून बोलावण्याची त्या दिवशी गरज पडणार नाही.