आईला कोठे ठेवावे?



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही पडवीत बसलो असता आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी आपल्या पत्नीसह भेटीस आला. बराच वेळ पाऊसपाणी आणि भातपीक यांविषयी बोलून झाल्यावर त्याने खाली मान घालून विचारले, "फादर, आयीला आश्रमात ठेवले तर पाप लागेल का?"

त्या माउलीस आम्ही ओळखत होतो. वय अठ्ठ्याहत्तर. वाड्यावरच्या क्रुसापुढे संध्याकाळची जपमाळ वर्षानुवर्षे तिनेच चालविलेली. तीन वर्षांपूर्वी प्रथम आमटीत दोनदा मीठ पडू लागले. मग शेजारणींची नावे आठवेनाशी झाली. पुढे चर्चमधून घरी परतताना ती वाट चुकू लागली. आता तर रात्री उठून, "मला घरी जायचे आहे," म्हणून ती दार उघडू पाही. ज्या घरात ती नवरी होऊन आली आणि जेथे पंचावन्न वर्षे नांदली, ते घरच तिला परके झाले होते. दोनदा ती विहिरीच्या काठाशी सापडली. सुनेला वर्षभर सलग झोप म्हणून ठाऊक नव्हती. ती एवढेच म्हणाली, "मी थकले असे म्हणायचीसुद्धा लाज वाटते, फादर."

अशी घरे आज थोडी नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतातील साठ वर्षांवरील माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. आणि त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत व शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. तथापि खेड्यात या आजाराला आजार न म्हणता 'म्हातारचळ' म्हणतात आणि घरातली एखादी सून किंवा अविवाहित लेक त्याचा सारा भार मुकाट्याने वाहत राहते. १९०६ साली जर्मनीतील डॉक्टर अलॉइस आल्झायमर यांनी अशा एका स्त्रीच्या मेंदूत झालेले फेरफार प्रथम विद्वानांसमोर मांडले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा आल्झायमरचा विकार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय. तो मेंदूचा रोग आहे. हट्ट नव्हे, ढोंग नव्हे आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे.

त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाला आम्ही काय उत्तर दिले? चौथी आज्ञा आईबापांचा मान राखण्यास सांगते. तो मान कोणत्या छपराखाली राखावा, हे सांगत नाही. बेन सिराच्या ग्रंथात तर बुद्धी क्षीण झालेल्या पित्यालाही सांभाळून घेण्याचा स्पष्ट उपदेश आहे. आईला योग्य हाती सोपवून तिच्या जवळ येत-जात राहणे हे पाप नव्हे. तिला कोठेतरी टाकून पाठ फिरविणे हे मात्र पाप आहे. आणि घरातल्या घरात, एका कोठडीत कडी लावूनही माणसाला टाकून देता येते, हेही आपण विसरू नये. १८३९ साली फ्रान्समध्ये झान ज्युगान या गरीब स्त्रीने एका अंध वृद्धेला घरी आणून आपली स्वतःची खाट तिला दिली. त्यातूनच वृद्धसेवेला वाहिलेला 'गरिबांच्या लहान भगिनी' हा संघ उभा राहिला आणि १८८२ साली तो कलकत्त्यास येऊन पोहोचला. अर्थात, परक्या वृद्धांची आश्रमात प्रेमाने सेवा करणे ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाही.

तथापि आश्रम शोधण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात, असे आम्ही त्या उभयतांस सुचविले. पहिली ही की, डॉक्टरांकडून नीट तपासणी झाली आहे ना, याची खात्री करावी. थायरॉइडचा दोष, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल उदासीनता, डोक्याला मार लागून साकळलेले रक्त किंवा एखाद्या औषधाचा परिणाम यांमुळेही माणूस विसराळू होतो, आणि यांवर उपचार असतात. एकदोन दिवसांत अकस्मात भ्रम झाला, तर तो बहुधा ताप, जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांमुळे असतो. तेव्हा आश्रम नव्हे, दवाखाना गाठावा.

दुसरी गोष्ट, घरी मदत मिळते का ते पाहावे. गोव्यात ८१ कुटुंबांच्या सहभागाने झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जाऊन देखभाल करणाऱ्यांना धीर व सल्ला देत, आणि एवढ्यानेच त्यांच्या मनावरचा ताण हलका झाल्याचे दिसून आले. ज्येष्ठांसाठी १४५६७ या क्रमांकावर सरकारी दूरध्वनी-साहाय्यही उपलब्ध आहे. पण या कुटुंबाची स्थिती त्यापलीकडे गेली होती. अखेर त्या शेतकऱ्यासमवेत आम्ही तीन आश्रम पाहून आलो. त्या फेऱ्यांत जे शिकलो ते आपणांपुढे ठेवतो.

पहिला आश्रम शहरात होता. फरशी आरशासारखी, कुंड्यांत फुले, कचेरीत थंड हवा. व्यवस्थापकांनी फार गोड शब्दांत माहिती दिली. परंतु दुपारचे अकरा वाजले असताना दालनातील दहा-बारा वृद्ध खुर्च्यांवर माना टाकून झोपलेले होते. आणि दोघींच्या कमरेभोवती ओढणी बांधून ती खुर्चीच्या पाठीशी आवळली होती. आम्ही विचारताच, "पडू नयेत म्हणून," असे उत्तर मिळाले. भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते पाच. बाहेर आल्यावर तो शेतकरी म्हणाला, "फादर, गोठ्यातली गायसुद्धा आम्ही दिवसा सोडतो."

बांधून ठेवल्याने माणूस सुरक्षित होत नाही. त्याचे पाय दुर्बल होतात आणि तो अधिक बिथरतो. झोप आणणाऱ्या व मन बधिर करणाऱ्या औषधांचेही तसेच. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना उन्मादावरील काही औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. क्वचित प्रसंगी ती द्यावी लागतात. पण ती कोणत्या डॉक्टरांनी, कशासाठी व किती दिवसांसाठी दिली, आणि घरच्यांना कळविले का, हे प्रत्येक कुटुंबाने विचारलेच पाहिजे.

दुसरा आश्रम प्रामाणिक होता. तेथील भगिनींनी आम्हांस स्पष्ट सांगितले की, स्वतः चालू शकणाऱ्या व हाताने जेवू शकणाऱ्या वृद्धांनाच आम्ही ठेवतो. अंथरुणाला खिळल्यावर घरच्यांनी न्यावे. अशी अट पुष्कळ वृद्धाश्रमांची असते. म्हणून पहिलाच प्रश्न हा असावा: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास आपण घेता का, आणि अखेरपर्यंत ठेवता का? हा आजार वाढत जाणारा आहे. आज चालणारी आई उद्या अंथरुणावर येईल आणि त्या वेळी तिला नवी जागा शोधणे फार जड जाईल.

तिसरा आश्रम साधा, कौलारू. भिंतींचा रंग उडालेला. आम्ही मुद्दाम न कळविता कातरवेळी गेलो, कारण दिवेलागणीच्या सुमारास अशा रुग्णांची अस्वस्थता पुष्कळदा वाढते आणि आश्रमाची खरी परीक्षा तेव्हाच होते. एक आजी अंगणात येरझारा घालीत, "माझी पोरे शाळेतून आली नाहीत," म्हणून रडत होती. एक सेविका तिचा हात धरून तिच्याबरोबर चालू लागली. "पोरे तुझी मुले कुठे आता!" असे ती म्हणाली नाही. "पोरांची नावे काय ग आजी? कोण जास्त खोडकर?" असे विचारीत तिने तिला दोन फेऱ्या घालून आणल्या आणि पेजेच्या ताटलीशी बसविले. आम्ही तेथे तासभर होतो, पण सेविका कोणावर खेकसली असे दिसले नाही. प्रत्येकीला वृद्धांची नावे ठाऊक होती, आणि कोणाचे काय आवडते तेही.

तरी केवळ मायेवर भुलून चालत नाही. म्हणून आम्ही पुढील गोष्टी तपासल्या. दिवसा किती माणसांमागे किती सेविका, आणि रात्री किती? रात्री जागे कोण राहते? सेविका वर्षानुवर्षे टिकतात की दर महिन्याला बदलतात? आवाराला कुंपण व दाराला अडसर आहे ना, विहीर झाकलेली आहे ना, आणि तरीही फिरण्यास मोकळे अंगण आहे ना? फरशी निसरडी नसावी, शौचकुपाला धरण्यास दांडा असावा, दारावर ओळखू येईल असे चित्र असावे आणि रात्री मंद दिवा असावा. लघवीचा वास सर्वत्र दाटलेला असेल, तर कपडे वेळेवर बदलले जात नाहीत असे समजावे.

जेवणाच्या वेळी जरूर थांबावे. या आजारात पुढे गिळणे कठीण होते. घाईने भरविलेला घास श्वासनलिकेत जाऊन छातीचा विकार होऊ शकतो. भरविणारी स्त्री शेजारी बसते की उभ्याउभ्या चमचा कोंबते, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. दरमहा वजन करतात का, अंथरुणावरच्या रुग्णाला दर दोनतीन तासांनी कूस बदलून देतात का, जवळ डॉक्टर कोण आणि रात्री रुग्णालयात कशाने नेतात, हेही विचारावे.

भाषेचा प्रश्न आपल्या सीमाभागात विशेष महत्त्वाचा आहे. स्मृती ओसरू लागली की मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि आईच्या मांडीवर शिकलेली शेवटपर्यंत राहते. आपली आयी बाजारात कन्नड बोलत असेल. पण तहान लागल्यावर ती मराठीतच पाणी मागेल. ते ऐकून समजणारे एक तरी माणूस तेथे असावे.

पैशाविषयी संकोच करू नये. मासिक आकार किती, अनामत किती व ती परत केव्हा मिळते, लंगोट, औषधे आणि रुग्णालयाचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा, हे सारे लेखी घ्यावे. आईच्या नावावरची जमीन किंवा घर कोणाच्याही नावे करून देण्याची घाई करू नये. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणासंबंधीचा २००७ सालचा कायदा याबाबत वृद्धांच्या बाजूचा आहे: सांभाळण्याच्या अटीवर घेतलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळविता येते, आणि ज्येष्ठाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

शेवटी, भेटीविषयी. घरच्यांना कोणत्याही रास्त वेळी येऊ न देणारा आश्रम, इतर सारे उत्तम असले तरी, आमच्या मते नाकारावा. धर्मगुरूला येऊन ख्रिस्तप्रसाद व रुग्णांचा अभ्यंगसंस्कार देता येईल का, हेही विचारावे. बोलणे विसरलेली माणसे जपमाळेतील प्रार्थना ओठांनी म्हणताना आम्ही पाहिली आहेत.

तिसऱ्या आश्रमाने आयीला प्रथम पंधरा दिवसांसाठी ठेवून पाहण्यास संमती दिली. ही सोय मिळत असेल तर जरूर घ्यावी. जाताना सुनेने एका वहीत सासूबाईंची माहिती लिहून दिली: कोठे जन्मली, मुले किती, चहात साखर किती, कशाला भिते, कोणते गाणे म्हणते. सोबत तिची गोधडी आणि जुनी जपमाळ. "तुला फिरायला नेतो," असे खोटे सांगू नका, एवढेच आम्ही मुलास सांगितले. त्याने तसे सांगितले नाही. "आयी, येथे तुझी काळजी घेतील, मी रविवारी येतो," असे तो म्हणाला आणि फाटकाबाहेर येऊन ढसाढसा रडला.

पहिले आठ दिवस कठीण गेले. आयी जेवेना, घरी जायचे म्हणून रडे. सुनेने दोनदा परत आणण्याची तयारी केली. मग वहीत वाचून एका सेविकेने तिच्यापुढे सुपात तांदूळ ठेवले. आयी निवडायला बसली ती संध्याकाळपर्यंत. आता रोज तिला ते काम मिळते. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडते, त्याने काय बिघडते?

मुलगा व सून पाळीपाळीने दर रविवारी जातात. मागच्या महिन्यात आम्हीही गेलो होतो. आयीने आम्हांस ओळखले नाही, मुलालाही नाही. पण त्याचा हात हाती घेऊन तिने विचारले, "जेवलास का रे?" तो म्हणाला, "जेवलो, आयी." तिचे समाधान झाले आणि ती पुन्हा सुपाकडे वळली.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात असे एखादे घर असेल, तर त्यास दोष देण्यापूर्वी एक संध्याकाळ त्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे आणि सुनेला दोन तास झोपू द्यावे. कित्येक घरांना आश्रमाची नव्हे, शेजाऱ्यांचीच गरज असते. आणि ज्यांना आश्रमावाचून गत्यंतर नाही, त्यांनी तो लाजेने लपूनछपून न निवडता, उघड्या डोळ्यांनी पारखून निवडावा.