टाकीत टाकायची गोळी

साताऱ्याहून कऱ्हाडमार्गे सांगली सुमारे सव्वाशे किलोमीटर. या भागात वडाप चालवणाऱ्याचं घर डिझेलच्या हिशेबावर चालतं. मग कोणी सांगतो, "डिझेलच्या नळीला हे लोहचुंबक बांधा." कोणी म्हणतो, "टाकीत ही गोळी टाका. ॲव्हरेज वाढेल."

खरंच वाढतं का?

चांगल्या इंजिनात डिझेल जवळजवळ सगळंच जळतं. त्याची बरीचशी उष्णता मात्र रेडिएटरमधून आणि धुराबरोबर बाहेर जाते. ती गोळीनं कशी अडणार? आणि डिझेल म्हणजे काही लोखंड नव्हे. चुंबक त्याला काय करणार? अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण खात्याने अशा शंभरावर वस्तू तपासल्या. लक्षात येण्याजोगा फायदा एकीचाही दिसला नाही.

मग काहींना फरक पडल्यासारखा का वाटतो? पैसे घालून वस्तू बसवली, की माणूस गाडी जपून हाकतो. बचत हाताची, नाव गोळीचं!

तेव्हा चाकांत हवा नीट भरा. एअर फिल्टर साफ ठेवा. वेग बेताचा ठेवा. गाडी उभी असली, की इंजिन बंद करा. याला पैसे पडत नाहीत. गोळीचे पैसे घरी न्या.