कर्ज की अपराध?

जर्मन भाषेत ‘शुल्ड’ म्हणजे दोष, अपराध. आणि त्याच शब्दाचे अनेकवचन ‘शुल्डेन’ म्हणजे कर्ज. डच भाषेतही एकच शब्द हे दोन्ही अर्थ वागवतो. या शब्दांचे मूळ ‘देणे लागणे’ या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक क्रियापदात आहे. इंग्रजी ‘डेट’ मात्र ‘देय असलेले’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. ग्रीकांचा ‘ख्रेओस’ कर्जाबरोबरच कर्तव्यही सुचवतो.

२०१० मध्ये ग्रीसचे कर्जसंकट चिघळले, तेव्हा जर्मनीत ग्रीसच्या बेशिस्तीवर बोट ठेवले गेले. एका शब्दामुळे धोरण ठरते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ऋणको तोच अपराधी, असे एकदा गृहीत धरले की धनकोची जबाबदारी नजरेआड होते. परतफेडीची ऐपत न पाहता कर्ज देणे हीदेखील चूकच असते. वस्तुतः १९५३ च्या लंडन करारान्वये पश्चिम जर्मनीचे सुमारे निम्मे परकीय कर्ज माफ झाले होते. आणि त्या करारावर सही करणाऱ्या धनको राष्ट्रांत ग्रीसही होता. त्या सवलतीने जर्मनीच्या पुनरुत्थानास हातभारच लागला.

मराठीतील ‘ऋण’ या शब्दात कृतज्ञताही सामावलेली आहे. तरीही थकबाकीदार शेतकऱ्याकडे पुष्कळदा अपराध्याच्याच दृष्टीने पाहिले जाते. शब्द उदार असला म्हणजे दृष्टी उदार होतेच असे नाही. प्रत्येक कर्जव्यवहाराला दोन पक्ष असतात. दोषाचा हिशेब मांडताना खतावणीत दोघांचीही नावे यावयास हवीत.